ळ नसलेलं आडनाव

माझं शिक्षण चौथीपर्यंत. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं, म्हणजे एका वर्षाने मी इंग्रजीला मुकले. त्याचं एरवी काही अडलं नाही. पण एका सकाळी त्यापायी मी हिरव्या कापडामागे बसून उगाच रडले, ते लिहून ठेवते.

आमचे हे टेनिसच्या क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे सभासदाला जोडीदार नसला की त्याच्याशी खेळायला ठेवलेला पगारी माणूस. मुलगा त्यांच्या मागे मागे जाऊन खेळायला शिकला आणि एकोणिसाव्या वर्षी त्यांनाही आटोपेना. मी बिबवेवाडीत चार घरी पोळ्या करायची. त्या वर्षांत आमच्या भागात इमारतींवर इमारती उठत होत्या, कॉम्प्युटरच्या कंपन्यांतली माणसं राहायला येत होती, आणि त्यांना पोळ्या लाटायला वेळ नव्हता.

मुलाला एक पॉइंट हवा होता. मला हे आधी समजायचंच नाही. एका मॅचमध्ये पोरगा ढीगभर पॉइंट जिंकतो, मग एकासाठी एवढा जीव का टाकतो?

"ते पॉइंट वेगळे," हे म्हणाले. "पुण्यात स्पर्धा आहे. बाहेरच्या देशांतले खेळाडू येणार. मोठी नव्हे, त्यातली सगळ्यात खालची. पण तिच्या मुख्य फेरीत एक मॅच जिंकली की एक पॉइंट देतात, आणि एक पॉइंट मिळाला की जगाच्या यादीत नाव लागतं."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर आहेच की. माझ्यासारखा मार्कर."

ते सहज बोलले, पण मुलगा ताटावरून उठला. क्लबाने त्याला ती जागा देऊ केली होती आणि स्पर्धेनंतर कळवतो म्हणून तो सांगून आला होता. हे मला नंतर कळलं.

पात्रता फेरीच्या तीन मॅचेस तो जिंकला. त्यांचं मी घरी बसूनच ऐकलं. मुख्य फेरीच्या दिवशी मात्र राहवेना. पोळ्यांची सुट्टी घेतली, आणि दोन बस बदलून आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला स्टेडियमवर गेलो.

दारातच मुलगा म्हणाला, "आई, तू समोर बसू नकोस. तुझा चेहरा बघितला की मला वाटतं मी हरतोय."

मला उलट बरंच वाटलं. तिथे सगळ्या बायका गॉगल लावून बसल्या होत्या. कोर्टाच्या कडेने उंच जाळी होती आणि तिला आतून हिरवं कापड लावलेलं होतं. मी जाळीबाहेर, पाण्याच्या नळापाशी कट्ट्यावर बसले. हे आत गेले.

दिसत काही नव्हतं. चेंडूचा आवाज यायचा, बुटांची करकर यायची, आणि मध्येच अंपायर माइकवरून बोलायचे. आधीच्या मॅचेसना अंपायर नव्हते, खेळणारी मुलंच गुण मोजायची असं मुलाने सांगितलं होतं. आता उंच खुर्चीवर साहेब होते, दिल्लीकडचे. त्यांचे आकडे तोंडातच विरघळत होते. मला कळायचं ते एवढंच, की गेम संपला की ते "गेम" म्हणतात आणि पुढे जिंकणाऱ्याचं नाव घेतात.

मी नाव ऐकायला कान लावून बसले. "गेम" म्हणाले, आणि एक परकं नाव घेतलं. पुन्हा "गेम", आणि दुसरं परकं नाव. मला वाटलं, समोरच्या गोऱ्या मुलाचं कधी नाव घेतायत, कधी आडनाव. आमचं आडनाव एकदाही आलं नाही. म्हणजे आमच्या पोराला एकही गेम नाही. कितीतरी गेम झाले, टाळ्या झाल्या, तरी नाही. मला सकाळचं त्याचं ते घाईघाईने दही-साखर खाणं आठवलं आणि डोळ्यांना धार लागली.

नळावर एक बाई बादली भरत होती. स्टेडियमवर झाडलोट करायची, नागपूरकडची.

"काऊन रडून राह्यली वं बाई?"

"माझा मुलगा आत हरतोय."

"कोन्ता? उलट्या टोपीचा का गोरा?"

मला हसू आलं. "उलट्या टोपीचा."

ती जाळीच्या फटीला डोळा लावून आली. "तुले कोनं सांगतलं? पयला सेट त्यानंच घेतला न. बोर्डावर लिवलं हाय."

"पण साहेबांनी त्याचं नाव एकदाही घेतलं नाही."

"थांब, मी सांगतो. हे पाय, आता त्यानं मारला."

आतून आवाज आला, "गेम," आणि ते दुसरं परकं नाव. मी मनात ते परत म्हणून बघितलं. शेजारणीकडे गेलेली आपली वाटी तिच्या मांडणीवर ओळखू यावी, तसं झालं. ते आमचंच आडनाव होतं. साहेबांनी इंग्रजी अक्षरं वाचून ते भलतंच करून टाकलं होतं. आमच्या आडनावात ळ आहे. त्याचा त्यांनी ल केला होता, आणि पहिल्या अक्षराचं काय केलं होतं ते त्यांनाच ठाऊक.

म्हणजे मी रडले ते आमच्या जिंकलेल्या गेमांवर.

दुसरा सेट गोऱ्याने घेतला. तिसऱ्यात मी नखं खाल्ली नाहीत, रडलेही नाही. नुसती कान देऊन बसले. ते मोडकं आडनाव आलं की बाई बादलीवर थाप मारायची. शेवटी साहेबांनी "गेम"च्या पुढे बरंच काही जोडलं, "मॅच" म्हणाले, आणि मग आमचं आडनाव. मी ते हळूच ळ घालून म्हटलं.

हे बाहेर आले. डोळे लाल, आवाज मात्र नेहमीचा. "इथे काय करत बसली होतीस? जिंकला तो." मुलगा आला आणि घामानेच मला बिलगला. चार लोकांत त्याने असं कधी केलं नव्हतं.

थोड्या वेळाने अंपायर साहेब त्याच नळावर तोंड धुवायला आले. माझ्या आयुष्यात मी कुठल्या साहेबाशी आपणहून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"साहेब, नाव बरोबर नहीं बोला. ल नहीं. ळ."

"आप कौन?"

"उसकी आई."

त्यांनी प्रयत्न केला. आधी र आला, मग ड आला. बाई म्हणाली, "राहू द्या साहेब, जीभ मोडन." साहेब हसले, आणि जाताना मला नमस्कार करून गेले.

पुढच्या फेरीत मुलगा हरला, चांगलाच हरला. पण पॉइंट कोणी काढून घेत नाही. त्याने क्लबात जाऊन मार्करच्या जागेला नाही म्हणून सांगितलं. हे त्याच्यासोबत गेले आणि बाहेर सायकलपाशी उभे राहिले.

यादी सोमवारी येते म्हणे. दोन सोमवार गेल्यावर पोळ्यांच्या एका घरी मी धीर करून सूनबाईंना विचारलं. त्या कॉम्प्युटरच्या कंपनीतल्या. त्यांनी यादी काढली आणि खाली खाली सरकवत नेली. इतकी खाली, की मला वाटलं नसेलच. मग त्या थांबल्या. "हे बघा मावशी."

मुलाच्या बॅगेवर नाव होतं, त्यावरून मला अक्षरांची ठेवण ठाऊक होती. मी बोट ठेवून एकेक अक्षर लावलं.

"मावशी, कॉम्प्युटर आहे तो, पोळपाट नाही. पीठ लागलं."

मी पदराने काच पुसली. ळ तिथेही नव्हता. इंग्रजीत तो नसतोच, त्या म्हणाल्या. मी आपला घालून वाचला.