गाडीवरची कलमं

बाबांचं सारं आयुष्य दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बगीच्यांत गेलं. झाडांना पाणी द्यायचं, आळी करायची, फळं धरली की माकडं हाकलत दिवसभर फिरायचं. तिगावजवळ आमचं स्वतःचं वावर होतं, पण लहानसं आणि कोरडवाहू. त्यात कापूस आणि तूर व्हायची. मग विहीर झाली, तिला पाणी लागलं, आणि बाबा एक दिवस जेवताना म्हणाले, "आता आपला बगीचा लावू." आईनं त्यांना न विचारता आणखी एक भाकर वाढली.

माझं लग्न होऊन मी तेव्हा सौंसरला राहत होते. कलमं खात्रीचीच घ्यायची, म्हणून मी बाबांना मोठ्या रोपवाटिकेत घेऊन गेले. फाटकात एक ट्रक कलमांनी भरून राहिला होता. टेबलामागचा माणूस म्हणाला, "काका, सारी कलमं बुक झाली. मागच्याच साली सांगाले पायजे होतं."

बाबांनी ट्रककडे बोट दाखवलं. "त्यातले थोडेसे नाही भेटत का? मले जास्त नाही लागत."

"तो एकाच शेतकऱ्याचा माल हाय, काका."

आम्ही पुढच्या वर्षासाठी नाव सांगून आलो. पुढच्या पावसाळ्यात गेलो तेव्हा कळलं, की यंदा कलमं कमीच तयार झाली आणि ज्यांना जास्त पाहिजे होती त्यांना आधी दिली. बाबा वाद घालणाऱ्यांतले नव्हते. "जय भीम" म्हणून ते बाहेर आले आणि बसची वाट पाहत उभे राहिले.

तो शनिवार होता, जामसांवलीला जाणाऱ्या रस्त्यावर मारुतीच्या दर्शनाची गर्दी होती, आणि रस्त्याच्या कडेला एक पिकअप गाडी संत्र्याची कलमं घेऊन उभी होती. बाबा मला घेऊन बसमधून खाली उतरले. त्यांनी एकेक कलम उचलून सांधा पाहिला, नखानं साल खरवडली. आत हिरवीगार होती.

"नागपुरी संत्रा हाय काका, डोळे झाकून न्या," गाडीवाला म्हणाला.

बाबांनी डोळे उघडे ठेवूनच घेतली. पण बोटाएवढ्या कलमावर बांधलेला डोळा, म्हणजे कोंब, कोणत्या झाडावरून काढला, ते झाड फळतं की नाही, हे पाहून कोणाला कळतं?

झाडं जोमानं वाढली. इतकी की रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, खत कोणतं घालता. बाबा झाडांच्या मधल्या जागेत हरभरा पेरायचे आणि संध्याकाळी धुऱ्याच्या बांधावर उभे राहून नुसते पाहत राहायचे. मी माहेरी गेले की पहिले वावरात न्यायचे. "हे पाय बाई, कसं डोक्याच्या वर गेलं." काटे जरा जास्त दिसायचे, पण कोवळ्या झाडाला काटे असतातच, असं ते म्हणायचे.

सहाव्या वर्षी बहार यावा म्हणून त्यांनी पाणी तोडून झाडं ताणावर सोडली, मग पाणी दिलं. आजूबाजूच्या बगीच्यांत फुलांचा वास सुटला. आमच्या झाडांना फुलं आली, पण एखाद्या फांदीला, तीही विरळ. दिवाळीनंतर थोडी फळं उतरवली. बाबांनी पहिलं फळ सोलून आईला दिलं. साल सैल, हात लावताच सुटली. आत फोडी होत्या, पण कोरड्या, चोथ्यासारख्या. आईनं एक फोड तोंडात ठेवली आणि बाहेर काढली. बाबांनी मात्र ते सबंध फळ खाल्लं.

शेतीखात्याचे एक साहेब येऊन बगीचा पाहून गेले. त्यांनी फांदी वाकवली, काटे पाहिले. "काका, झाडाले रोग नाही. डोळाच भलत्या झाडाचा भरला."

"मंग औषध काय मारू?"

"याले औषध नाही."

बाबांनी तरी एक वर्ष वाट पाहिली. खत घातलं, ताण दिला, पाणी दिलं. त्याही वर्षी तसंच झालं. ती पिकअप गाडी जामसांवलीच्या रस्त्यावर पुन्हा दिसली नाही. दुसऱ्या गाड्या दिसायच्या, त्यांच्याभोवती माणसं उभी असायची. बाबा बसच्या खिडकीतून तिकडे पाहायचे नाहीत.

झाडं तोडायला मशीनवाला आणला त्या दिवशी मी गेले होते. पानं इतकी हिरवी होती की मशीनवालाच म्हणाला, "काका, पक्कं ना?" बाबांनी मान हलवली आणि विहिरीकडे जाऊन बसले. आई लाकडं गोळा करून राहिली होती. सारखी डोळे पुसून म्हणत होती, "भुसा उडून राहिला."

त्या हंगामात बाबा पुन्हा लोकांच्या बगीच्यात राखणीला गेले. आता त्यांना धावणं होत नव्हतं.

कलमं आपणच करू, ही गोष्ट आईनं काढली. गावातल्या बायांच्या बचतगटात ती होती. त्या बायांनी मिळून जंभेरी लिंबाच्या बिया पेरून कलमांसाठी खुंट तयार केले, आणि बाबा राखत होते त्या बगीच्याच्या मालकानं त्याच्या जुन्या, दरसाल लदलद फळणाऱ्या झाडाच्या काड्या डोळ्यांसाठी दिल्या. डोळे बांधायला मोहगावहून एक कारागीर आला. आमच्याच रिकाम्या वावरात हिरवी जाळी टाकून वाफे केले. बरेच डोळे सुकले, तरी पुष्कळ लागले.

कलमं तयार व्हायच्या आधीच एक मोठा शेतकरी गाडी घेऊन आला. "बाई, सारीच देऊन टाका. विकाले फिरायची कटकट नाही तुम्हाले." अर्ध्या बाया खूश झाल्या. त्यांचं काही चुकत नव्हतं, दोन वर्षं त्यांनी उन्हात पाणी वाहिलं होतं. आई म्हणाली, "मी नाही देत. आमचा माणूस रोपवाटिकेच्या फाटकातून दोनदा वापस आला होता." भांडण झालं. त्या बायांनी आपला वाटा काढून घेतला आणि त्याच्या गाडीत भरून दिला. त्यांतलीच शेजारची एक बाई, जी आईबरोबर रोज ओट्यावर बसायची, ती आजही आमच्या दारावरून न बोलता जाते.

उरलेली कलमं आईनं थोडी थोडी वाटली, लहान वावरवाल्यांनाच. यंदा एक नवराबायको सायकलवर टोपली बांधून आले. बाईनं विचारलं, "काका, गोड निघन ना?"

बाबा म्हणाले, "ज्या झाडाची काडी हाय, त्याची फळं म्या खाल्ली हायेत. गोड होती. पुढचं मले नाही माहीत."

ते गेल्यावर मी विचारलं, "बाबा, आपल्या वावरात कधी लावता? सगळ्यांत चांगली तुमच्यासाठी ठेवू." वाफ्यांपलीकडच्या वावरात तेव्हा तूर उभी होती.

"फळ याले सहा वर्षं लागतात, बाई," ते म्हणाले, आणि पाण्याचा पाइप ओढत पुढच्या वाफ्याकडे गेले.