बर्फ नसलेल्या शहरातले विंटर टायर

ते प्रकरण माझ्या मनात अजूनही ताजे आहे. नव्वदच्या दशकात रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी सिंगापूरच्या पोलीस दलात दाखल झाले. तोआ पायोहच्या ठाण्यात फसवणुकीच्या तक्रारी माझ्याकडे येत. एखादे मोठे प्रकरण स्वतःच्या बळावर उभे करायचे, असा माझा निश्चय होता.

एका सकाळी टॅम्पिनीसला राहणारे एक मराठी मरीन इंजिनिअर भेटायला आले.

"मॅडम, माझा धाकटा भाऊ उत्तरेकडच्या एका बर्फाळ गावात शाळेची बस चालवतो. त्याच्या स्वतःच्या गाडीला मी इथून विंटर टायर पाठवले होते. उतारावर गाडी घसरली आणि त्याचा पाय मोडला."

"वेग किती होता?"

"माणूस चालेल इतका. पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर, ब्रेकसुद्धा हलकेच दाबलेला. बर्फात गाडी चालवणं त्याला नवीन नाही. तो म्हणतो, दादा, टायर रस्ता धरतच नव्हते." मग ते म्हणाले, "मी ज्याच्याकडून घेतले, त्याच व्यापाऱ्याचे टायर आता तिथल्या शाळेच्या बसना बसणार आहेत. माझ्याच बोटीवर माल चढतोय. उद्या निघतोय आम्ही."

मी जबाब नोंदवला. माझ्या सार्जंटने मान हलवली आणि सिंगापुरी ढंगात वाक्याला 'लाह'चे शेपूट लावले. "स्नो केस, मॅडम? अटक कोणाला करायची, आभाळाला, लाह?"

वरिष्ठांनी तेवढी थट्टा केली नाही. "टायरवर विंटर लिहिलेलं आहे, खाचाही आहेत. खोटं काय ते आज सिद्ध कर, मी माल थांबवतो. संशयावर बोट अडणार नाही."

व्यापाऱ्याच्या गोदामातून आम्ही एक टायर नमुना म्हणून सील केला. दिसायला तो निर्दोष होता, बर्फ पकडण्यासाठी रबरात पाडतात त्या बारीक चिराही जागच्या जागी. पण विंटर टायरचे खरे काम चिरा एकट्या करत नाहीत. त्याचे रबरच निराळ्या मिश्रणाचे असते आणि गोठवणाऱ्या थंडीतही मऊ राहते. साधे रबर थंडीत ताठरते, रस्त्याच्या खडबडीत पृष्ठभागाला चिकटत नाही. मग चालक कितीही सावध असो, गाडी त्याचे ऐकत नाही. सिंगापूरच्या उकाड्यात मात्र दोन्ही रबरे हाताला सारखीच लागतात.

म्हणून मी चौकशीची जागा बदलली. जपानहून आलेल्या एका जुन्या गाडीचा अस्सल विंटर टायर मिळवला. दोन्ही टायरच्या सारख्या जाडीच्या पट्ट्या कापून हौगांगमधल्या मासळीच्या शीतगृहात ठेवल्या. दुपारी व्यापाऱ्याला तिथेच बोलावले. उसन्या जाड कोटांत आम्ही गोठलेल्या माशांच्या खोक्यांमध्ये उभे राहिलो.

"मी स्वतः चाचणी घेतली आहे, मॅडम," तो ठामपणे म्हणाला. "मुसळधार पावसात, एक्सप्रेसवेवर. ब्रेक एकदम फर्स्ट क्लास."

"तापमान किती होतं?"

तो हसला. "सिंगापूर, लाह. इथे एकच तापमान."

मी अस्सल पट्टी त्याच्या हातात दिली. ती सहज वाकली. मग त्याच्या टायरची दिली. त्याने दोन्ही हातांनी जोर लावला, पट्टी फळीसारखी ताठच राहिली. त्याने पुन्हा प्रयत्न केला. माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, "मला वाटलं, पकड चिरांमुळे येते."

"त्या कोणी पाडल्या?"

"मी. गरम पात्याने. अक्षरंही मीच उमटवली." त्याने पट्टी खोक्यावर ठेवली. "मॅडम, मी बर्फ कधी पाहिलेलाच नाही."

"मुलांच्या बसखाली तो असणार, हे तर माहीत होतं ना?"

ठाण्यात रीतसर कबुलीजबाब झाला, संध्याकाळी माल जप्त झाला आणि आधीच्या गिऱ्हाइकांची नावे त्याच्याकडून घेऊन त्या बर्फाळ गावच्या पोलिसांना फॅक्स गेला.

त्याची चाचणी खोटी नव्हती, हेच या प्रकरणातले सर्वांत धोकादायक सत्य होते. प्रामाणिकपणे केलेली चाचणीही चुकीच्या जागी केली तर फसवणुकीला आधार देते. पुढे सेवेत कोणी "तपासून पाहिलं आहे" असे सांगितले, की मी प्रथम विचारत असे, "कुठे?"

काही महिन्यांनी इंजिनिअर बोटीवरून परत आले, तेव्हा त्यांनी ठाण्यात फोन केला. भाऊ पुन्हा कामावर रुजू झाला होता आणि बसला अस्सल विंटर टायर बसले होते.

"एकच तक्रार आहे, मॅडम. मुलं म्हणतात, काका बस फार हळू चालवतात."

त्या तक्रारीची दखल घेण्याचे मला काही कारण दिसले नाही.