कोशिंबिरीकडे चाललेली आमटी

आपलं घर सरळ उभं आहे की तिरकं, हे आमटी वाढून ठरवणारा माणूस उभ्या अमेरिकेत एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. हे विधान मी पूर्ण जबाबदारीनं करतोय. कुणाला शंका असेल तर त्यानं माझ्यासारखं ॲरिझोनाच्या उन्हात हातात लाकडी ठोकळा घेऊन उभं राहावं, आतून मामींची "अजून कोशिंबिरीकडेच चाललीय हो!" ही आरोळी ऐकावी, आणि मग माझ्याशी वाद घालायला यावं.

मामांनी सगळी नोकरी कॅलिफोर्नियात, सनीव्हेलच्या एका चिप कंपनीत काढली. केसाच्या जाडीचे हजार भाग करून त्यातला एक इकडचा तिकडे झाला तर आरडाओरडा करायचा, हेच त्यांचं काम. असा माणूस रिटायर झाल्यावर काय करेल? निदान बागेतली रोपं पट्टी लावून लावेल. मामांनी क्युपर्टिनोचं राहतं घर विकलं आणि अठ्ठावीस फुटी आरव्ही घेतली. चाकांवरचं घरच ते. पुढे ड्रायव्हरची सीट, मागे पलंग, मधे शेगडी, फ्रिज, जेवायचं टेबल आणि एक न्हाणीघर, ज्यात मामा आत गेले की कोपर बाहेर राहायचं. मागच्या काचेवर त्यांनी स्वतःच्या हातानं देवनागरीत लिहिलं, 'बिऱ्हाड'. माझ्या सासूबाईंनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर कपाळाला हात लावला. "दादा, तुझं डोकं फिरलंय का रे?" मामा म्हणाले, "फिरू दे की. आता आम्ही सगळेच फिरतोय."

मामी गाडी चालवत नाहीत. लायसन्स त्यांनी जन्मात काढलं नाही. गाडी मामा चालवतात आणि मामांना मामी, अशी वाटणी लग्नापासून आहे. तर हे दोघं निघाले, आणि पहिल्याच मुक्कामाला मामांच्या लक्षात आलं की जमीन सगळीकडे सारखी नसते. गाडी कलती राहिली की आतलं घरही कलतं राहतं. मग कुठल्या तरी चाकांखाली ठोकळे सरकवायचे आणि गाडी त्यांवर चढवून सरळ करायची. बाकीचे लोक त्यासाठी पाण्याचा बुडबुडा असलेली पट्टी वापरतात. मामांनी ती विकत घेतली, एकदा बघितली आणि पाठ खाजवायला ठेवून दिली. त्यांचं म्हणणं, "यंत्र खोटं बोलेल, जावईबापू. आमटी नाही बोलणार."

पद्धत अशी. मुक्कामावर पोचलं की मामींनी मामांचं ताट वाढायचं. ताट म्हणजे मामींच्या लग्नातलं, जाड स्टीलचं, काठावर 'सौ. कुमुद हिस आत्याकडून सप्रेम' असं नाव घातलेलं. नाव जेवणाऱ्याकडे करायचं, डावीकडे कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मधे भाताची मूद आणि मुदीवर पातळ आमटी. मग मामी त्या आमटीवर नजर लावून बसणार. ओघळ कोशिंबिरीकडे गेला तर डावी चाकं उचला, भाजीकडे गेला तर उजवी. खाली मामा ठोकळे सरकवणार, धावत जाऊन गाडी वीतभर पुढे घेणार आणि ओरडणार, "आता?" आमटी जागच्या जागी थांबली की मामी हात जोडून म्हणणार, "आलं घर." हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाल्याशिवाय मामांनी कुठेच कधी पहिला घास घेतलेला नाही. कॅम्पातल्या शेजाऱ्यांना हा प्रकार इतका पाठ व्हायचा की एकदा एक टेक्सासचे आजोबा आपली गाडी लावताना बायकोला विचारत होते, "हनी, कोशिंबीर?"

याच आजोबांच्या शेजारी अस्वलाचं प्रकरण झालं. सिएराच्या डोंगरात मुक्काम होता, कॅम्पात जागोजागी अस्वलाच्या पाट्या. तिन्हीसांजेला मामांना कचऱ्याच्या डब्यापाशी काहीतरी काळं, गुबगुबीत दिसलं. मामा शूर. डाव्या हातात लग्नातलं ताट, उजव्या हातात पळी, आणि "हाड! हाड! चल नीघ!" असं ओरडत त्यांनी दहा मिनिटं ताट बडवलं. अस्वल ढिम्म. मामींनी दारातून विचारलं, "अहो, त्याला मराठी कळतं का?" मग टेक्सासवाले आजोबा बाहेर आले आणि त्यांनी त्या अस्वलाचं काळं कव्हर उचललं. आत बार्बेक्यूची शेगडी! त्या भल्या माणसाला वाटलं, हा भारतीय लोकांचा सूर्यास्ताचा काही विधी असावा. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळताना चार-पाच जण आपापले तवे आणि पातेली घेऊन आदरानं हजर झाले. मामांनी त्यांना निराश केलं नाही.

आम्ही ही गोष्ट किती घरांत, किती वेळा हसत हसत सांगितली असेल! पन्नास फुटांवरची शेगडी माणसाला अस्वल दिसते यात हसण्यासारखं काय आहे, असा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही.

पुढची दोन वर्षं सगळं उत्तम चाललं होतं, फक्त मामींचं दही तिरकं लागायचं. खरंच सांगतो. सकाळी झाकण काढलं की पातेल्यात एका बाजूला दही काठाला टेकलेलं आणि दुसऱ्या बाजूला दोन बोटं खाली. कपाटाची दारं आपोआप उघडायची. झोपेत मामी भिंतीकडे घरंगळायच्या. मामांना विचारलं तर ते शांतपणे म्हणायचे, "पृथ्वी फिरते ना, जावईबापू."

मग एक दिवस गार्गीचा फोन आला. गार्गी ही त्यांची एकुलती एक मुलगी, जन्मानं आणि उच्चारांनी अमेरिकन. न्यू जर्सीत पिस्कॅटवेला असते, फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे गुडघे सरळ करते. ती म्हणाली, "जिजू, प्लीज, तुम्ही बाबांशी बोला ना. त्यांच्या डोळ्यांचं काहीतरी झालंय. डॉक्टरकडे चला म्हटलं की सब्जेक्ट चेंज करतात. आय ॲम रिअली स्केअर्ड. माझ्याकडे खालची रूम रेडी आहे, पण बाबा ऐकतच नाहीत." बाबांनी तिला एक अट घातली होती. 'ज्या दिवशी मला कोशिंबिरीतली मोहरी दिसणार नाही, त्या दिवशी मी किल्ली खाली ठेवीन.' आणि रोज जेवायला बसलं की मामा मोठ्यानं मोहऱ्या मोजायचे. पाच, सहा, सात. मग विजयी मुद्रेनं मामींकडे बघायचे.

मी चार दिवसांची रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर ॲरिझोनाला निघालो. गार्गीनं आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून पाठवलेलं एक इलेक्ट्रॉनिक यंत्र माझ्या बॅगेत होतं. गाडी किती कललीय ते फोनवर दाखवणारं. पहिल्या मुक्कामावर मामांनी रीतसर आमटी लावून गाडी सरळ केली, मामी "आलं घर" म्हणाल्या, आणि मी यंत्र चालू केलं. यंत्र म्हणालं, गाडी उजवीकडे तीन अंश कललीय. मामा म्हणाले, "परत करून टाका, डिफेक्टिव्ह आहे." मी दुसऱ्या ताटात आमटी वाढून बघितली. ती सरळ भाजीत! मग मी मामांचं ताट रिकामं करून उलटं केलं. उजव्या बाजूचं बूड खाली फुगलेलं होतं, म्हणून ते ताट कायम डावीकडे कलायचं. अस्वलावर पळीनं केलेला सगळा पराक्रम तिथे उमटला होता.

मग मामा जे हसत सुटले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हणजे दोन वर्षं आपण अख्खी अमेरिका तिरकं राहून बघितली!" मामी गंभीरपणे म्हणाल्या, "तरी मला ग्रँड कॅन्यन एकीकडून जास्त खोल वाटत होतं." मी म्हटलं, मामा, आता ताट बदला. त्यावर ते ताडकन म्हणाले, "ताट सरळच आहे. जमीन वाकडी आहे." विषय संपला.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या बाकावर बसलो होतो. मामा गाडी चालवत होते, शेजारी मामींची अखंड टकळी. "पांढरा ट्रक येतोय हो उजवीकडून. गेला. पुढची लाल गाडी हळू झालीय. पासष्टची पाटी." मला वाटलं, मामींची सवयच आहे, त्या टीव्हीसुद्धा असाच बघतात. पण तासाभरानं माझ्या लक्षात आलं की पुढच्या गाडीचे दिवे लागले तरी मामांचा पाय ब्रेकवर जात नाही. तो मामी बोलल्यावर जातो. मी काहीतरी कारण काढून गाडी पुढच्याच थांब्यावर घ्यायला लावली. म्हटलं, भूक लागलीय.

मामींनी ताट वाढलं. मामा काकडीच्या कोशिंबिरीवर वाकले. "बघा जावईबापू, तुमच्या मेहुणीला सांगा. एक, दोन, तीन, चार... आज चांगल्या नऊ आहेत." मी बघितलं. कोशिंबीर पांढरीशुभ्र होती. दही, काकडी, कोथिंबीर. मोहरीचा एक दाणा नव्हता तिच्यात. मी मामींकडे पाहिलं, मामी ओट्याकडे पाहत होत्या. कुणीच काही बोललं नाही, आणि न बोलण्यानंच मामांना कळलं. त्यांनी बोटानं कोशिंबीर चाचपली. हळूच विचारलं, "नव्हती घातली?"

"नाही," मामी म्हणाल्या.

मामांनी हात धुतला, पँटच्या खिशातून किल्ली काढली आणि ताटाशेजारी ठेवली. "शब्द म्हणजे शब्द," एवढंच म्हणाले आणि निमूटपणे जेवले. नंतर भांडी आवरताना मला मिसळणाचा डबा दिसला. मोहरीची वाटी काठोकाठ भरलेली होती. मामी पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मला तोंडानं सांगता नसतं आलं हो."

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, मोतीबिंदू असता तर काढला असता, हे डोळ्याच्या पडद्याचं दुखणं आहे. कडेकडेचं दिसत राहील, मधलं दिसणार नाही. मी आणखी रजा काढली आणि बिऱ्हाड पिस्कॅटवेला पोचवायला निघालो. मामा शेजारच्या सीटवर. मला वाटलं होतं, हा माणूस आता खचणार. छे! सगळा रस्ता त्यांना पाठ. "आता डावीकडे एक पवनचक्की येईल, तिच्यापुढे खड्डा आहे, सांभाळा." पवनचक्की यायची, खड्डाही यायचा. न्यू मेक्सिकोपासून पेन्सिल्व्हेनियापर्यंत त्यांनी मला एकदाही चुकू दिलं नाही, आणि माझ्या ड्रायव्हिंगला एकदाही बरं म्हटलं नाही.

गार्गीचं घर सुंदर आहे. खालची खोली, न्हाणीघरात धरायला दांडे, जेवायला लांबलचक लाकडी टेबल. पोचल्यावर तिनं प्रेमानं ताटं मांडली, चिनी मातीची, आणि आमटी वेगळ्या वाटीत. मामा टेबलाशी बसले. हात मांडीवर. गार्गी म्हणाली, "बाबा, खा ना. गार होतंय." मामा म्हणाले, "हो, हो." पण हात उचलला नाही. तिला वाटलं जेवण आवडलं नाही, तिचे डोळे भरून आले. मला कळत होतं. हा माणूस चाळीस राज्यं फिरून आला होता आणि घरात येऊन बसला तरी त्याला कुणी घर आलं म्हणून सांगितलं नव्हतं.

मामी उठल्या. बाहेर बिऱ्हाडात जाऊन लग्नातलं ताट घेऊन आल्या. नाव मामांकडे केलं, डावीकडे कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मधे मूद. वर आमटी घातली. मामांचा चेहरा बदलला. "कुठे चाललीय?"

"कोशिंबिरीकडे."

मामा ताडकन उठले. गार्गी हात धरायला धावली, त्यांनी तो झटकला. एकटेच बाहेर गेले, चाचपडत दोन ठोकळे घेऊन आले, आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस गुडघ्यांवर बसून टेबलाच्या डाव्या पायांशी लागला. मी टेबल उचलून धरलं. खालून आवाज आला, "आता?"

मामींनी बराच वेळ ताटाकडे बघितलं. आमटी थांबल्याचं त्यांना केव्हाच दिसलं असणार.

"आलं घर," मामी म्हणाल्या.

मामा वर आले, धूळ झटकली आणि पहिला घास घेतला. गार्गीनं आपल्या तिरक्या टेबलाकडे पाहिलं आणि घसरणारी वाटी एका हातानं धरून ती जेवायला बसली. ठोकळे अजून तिथेच आहेत. बिऱ्हाड दुसऱ्या एका जोडप्याकडे गेलं, ते सध्या कुठे आहे कुणास ठाऊक. परवा गार्गीकडे कुणी मराठी पाहुणी आली होती. तिचा पाण्याचा ग्लास जरा सरकला, तशी ती म्हणाली, "युअर टेबल इज क्रूकेड." गार्गीनं ग्लास उचलून तिच्या हातात दिला. म्हणाली, "नाही हो मावशी, टेबल सरळच आहे. जमीन वाकडी आहे."