कल्याण समितीतली भागम्मा

बेलथडीच्या कॉलेजात प्राचार्यांना 'मास्तर' म्हणणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे लेडीज रूमची भागम्मा. बाकी सगळे 'सर' म्हणत, चार लोकांत 'प्राचार्य साहेब' म्हणत. प्राचार्य दिनकररावांना ते 'मास्तर' फार झोंबायचं. एकदा त्यांनी शिपायाच्या हाती तसा निरोपही धाडला. भागम्मानं तो ऐकून घेतला आणि उलट सांगून पाठवलं, की शिकवणाऱ्याला मास्तर म्हणतात एवढंच तिला ठाऊक आहे, हे शिकवत नसतील तर तसं कळवावं. दिनकररावांनी सहा वर्षांत एकही तास घेतला नव्हता. दुसरा निरोप काही आला नाही.

बेलथडी हे गंगाखेड आणि पालमच्या मधलं, ऊस आल्यापासून फुगलेलं बाजारगाव. कॉलेज संस्थेचं, आणि संस्था सचिव भगवानरावांची. भागम्माचा नवरा शिवरुद्र तिथं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होता. बाटल्या धुवायच्या, ॲसिड ओतून द्यायचं, बिनखिडकीच्या भांडारात दिवसभर वाफा ओढायच्या. त्याला खोकला जडला. धूर बाहेर फेकणारा पंखा बसवा म्हणून त्यानं तीन वर्षं अर्ज दिले. एकोणऐंशी साली तो गेला. त्यानंतर चौथ्या महिन्यात पंखा आला आणि प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसला, कारण तिथं सिगारेटचा धूर फार व्हायचा.

नवऱ्याच्या जागी भागम्माला घेतलं. प्रयोगशाळेत बाईमाणूस नको, म्हणून जिन्याखालची लेडीज रूम तिच्याकडं दिली. भगवानराव पुढं प्रत्येक सभेत सांगायचे, संस्था विधवेच्या पाठीशी कशी उभी राहते. भागम्मा मागच्या रांगेत गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून ते ऐकायची आणि तिचं तोंड असं व्हायचं, की जणू जेवणात खडा लागलाय.

कॉलेजात पोरी तेवीस. खोलीत एक लोखंडी पलंग, एक माठ, एक तडकलेला आरसा. पोरी पहिल्या एसटीनं खेड्यांतून यायच्या, बऱ्याच उपाशी. भागम्मा दोन भाकरी जास्तीच्या आणायची. कोणाला चक्कर येते, कोण रडून आलीय, कोणाच्या घरी लग्नाचं चाललंय, हे तिला तोंडावरून कळायचं. कापड, सेफ्टी पिन, सुंठ, सगळं तिच्या ट्रंकेत असायचं. यातलं काही तिच्या कामात लिहिलेलं नव्हतं. कामात लिहिलं होतं: खोली झाडणे व पाणी भरणे.

तक्रार करायची म्हटलं, तर त्या वर्षांत दिनकररावांकडं एकच उत्तर तयार असायचं. ते म्हणायचे, विद्यापीठाच्या नामांतराचं वातावरण आहे, जरा दमानं घ्या. अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत आसपासच्या दलित वस्त्यांतली पोरं महिनोन्महिने कॉलेजला येऊ शकली नाहीत, तेव्हा यांनी त्यांची नावं हजेरीपटातून खोडली आणि वातावरणाचं कारण दिलं. पुढं पोरींच्या संडासातला दिवा गेला, तरी कारण तेच. भागम्मानं तेव्हा विचारलं, की दिव्याला नाव कोणाचं द्यायचं म्हणून भांडण हाय का. दिनकरराव फायलीत बघत बसले.

पंच्याऐंशी साली विद्यापीठाची तपासणी ठरली आणि कॉलेजात विद्यार्थी कल्याण समिती नेमायची धावपळ सुरू झाली. तपासणीच्या कागदात तसा रकाना होता, म्हणून समिती. पेंटरकडून फलक रंगवून घेतला, भिंतीला हिरवी तक्रारपेटी ठोकली, पेटीला कुलूप लावलं. अध्यक्ष स्वतः दिनकरराव. चिटणीस केमिस्ट्रीचे प्राध्यापक व्यंकटराव, म्हणजे भगवानरावांचे मेहुणे. एक बाई हवी होती आणि कॉलेजात प्राध्यापिका नव्हती, तेव्हा महिला सदस्य म्हणून भागम्माचं नाव घातलं. तिची चौथी झाली होती, दस्तखत येत होती. एवढ्यावर भागलं.

बैठक कधी झाली नाही. महिन्याच्या शेवटी शिपाई वही घेऊन यायचा, 'सर्व काही समाधानकारक' असं आधीच लिहिलेलं असायचं, खाली सही करायची. पहिल्या महिन्यात भागम्मानं वही वाचली आणि सही न करता परत दिली. दुसऱ्या महिन्यापासून वही तिच्याकडं यायचीच बंद झाली.

त्याच सालच्या दिवाळीनंतर पार्वती नावाची पोरगी प्रॅक्टिकलच्या वेळेला लेडीज रूममध्ये येऊन बसायला लागली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची, पालमच्या पलीकडल्या खेड्यातली, हुशार. बाप सटवाजी कोरडवाहू शेतकरी. पोरगी यायची, पलंगाच्या कडेला बसायची आणि ओढणीचं टोक पिळत राहायची. भागम्मानं दोन दिवस काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तिच्यापुढं भाकरी ठेवली आणि स्वतः पाठमोरी होऊन माठ घासायला लागली. तोंडासमोर जे बोलवत नाही ते पाठीला सांगता येतं, हे तिला या खोलीनं शिकवलं होतं.

पार्वती बोलली. व्यंकटराव जर्नल तपासायला पोरींना एकेकटीला, सगळे गेल्यावर भांडारात बोलवायचे. जर्नलवर त्यांची सही नसली तर परीक्षेला बसता येत नाही. पार्वतीचा त्यांनी हात धरला, दार लोटून घेतलं. ती हिसडा देऊन पळाली. आता जर्नल त्यांच्याच कपाटात होतं.

भागम्माच्या हातातला घासणीचा काथ्या तिथंच थांबला. ज्या भांडारात शिवरुद्र खोकून खोकून मेला, तिथंच हा माणूस पोरींना बोलवत होता. मग वळून तिनं विचारलं, "मी पुढं जाऊन बोलले तर चालंल का तुला? तू न्हाई म्हणलीस तर इथंच गाडून टाकीन."

पार्वती म्हणाली, "बोला मावशी. पण माझं नाव घेऊ नका."

भागम्मा तडक प्राचार्यांकडं गेली आणि नाव न घेता सगळं सांगितलं. दिनकररावांनी पंख्याचा वेग वाढवला. मग म्हणाले, की व्यंकटराव सभ्य गृहस्थ आहेत, मुलीच अलीकडं फार धीट झाल्यात, आणि असल्या गोष्टीला उद्या कोणी नामांतराचा रंग दिला तर कॉलेज बंद पडेल. तरीही तक्रार असेलच, तर लेखी करून पेटीत टाकावी, रीत तशीच आहे.

"पेटीची किल्ली कुणाकडं हाय, मास्तर?"

"चिटणिसांकडं."

"म्हणजे ज्याच्यावर तक्रार, त्यानंच उघडून वाचायची."

दिनकरराव म्हणाले, नियमात तसंच आहे. भागम्माला राग नाही आला. रागावण्याएवढं त्या खुर्चीत काही उरलेलंच तिला दिसेना. पाय लावून बसलेलं एक भिजलेलं पोतं, असं तिनं नंतर घरी जावेला सांगितलं.

दोन दिवसांत भगवानरावांचं बोलावणं आलं. ते वाड्याच्या ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी आवाज चढवला नाही. शिवरुद्र किती गुणी होता, संस्थेनं भागम्माला कसं सांभाळलं, जिन्याखालची खोली नसती तर ती आज कुठं रोजानं जात असती, असं सगळं शांतपणे बोलून झालं. मग म्हणाले, "भागम्मा, घरातली गोष्ट घरातच ऱ्हावी."

"मालक, ती पोरगी तुमच्या घरातली असती, तर ठेवली असती का घरात?"

त्यांची सुपारी कातरायची थांबली. ते म्हणाले, जा आता. ती निघाली. ओट्यावर बसलेले दोघे-तिघे तिच्याकडं बघत होते, ते ओट्यावर कशाला बसलेत हे तिला माहीत होतं. एकाला पोराची नोकरी हवी होती, दुसऱ्याला साखर कारखान्यात उसाच्या वजनाची पाळी. त्यांच्याकडं तिनं मान वळवूनही पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात पार्वती आलीच नाही. तिच्या घरी कोणी तरी निरोप पोचवला होता, की पोरीचं कॉलेजात नाव खराब व्हायलंय. भागम्मानं रजा टाकली, पालमची एसटी धरली आणि पुढं दीड कोस चालत गेली. सटवाजी तिला बघून उठून गोठ्यात गेला. त्याची बायको कस्तुराबाई ज्वारी पाखडत होती. भागम्मानं तिला काहीही न लपवता सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, पोरगी घरी बसली तर तो माणूस पुढच्या साली दुसरीला बोलवील, आणि सगळे म्हणतील हिच्यातच काही तरी होतं म्हणून सोडून गेली.

कस्तुराबाईनं सूप खाली ठेवलं. गोठ्याकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "ऐकलं का? सोमवारी पोरगी कॉलेजला जायलीय. मी येतेय संगं गंगाखेडपातूर बाजाराला." पार्वती दारात उभी होती. ती भागम्माजवळ येऊन हळूच म्हणाली, "मावशी, आता माझं नाव घेतलं तरी चालंल."

तपासणी जानेवारीत आली. तिघंजण होते, त्यात औरंगाबादच्या एक प्राध्यापिका, पांढऱ्या केसांच्या, फार कमी बोलणाऱ्या. पेरूच्या फोडी, काजू, दुपारी भगवानरावांकडं जेवण, असा बेत. भागम्माला चांगलं लुगडं नेसून यायला आणि विचारलं तर 'होय' म्हणायला सांगितलं होतं. समिती फलकाखाली ओळीत उभी राहिली. व्यंकटरावांनी अत्तर लावलं होतं. बाईंनी विचारलं, तक्रारी येतात का. दिनकरराव हसून म्हणाले, आमच्याकडं कौटुंबिक वातावरण आहे, वर्षभरात एकही नाही.

"एक हाय," भागम्मा म्हणाली. "आणि ती मी ह्या मास्तरांना तोंडी सांगितलेली हाय."

मग तिनं सगळं सांगितलं. पोरीचं नाव, भांडार, जर्नल, लोटलेलं दार. आवाज वर नाही, खाली नाही, भाजीचा भाव सांगावा तसा. व्यंकटराव मधेच बोलायला गेले तर तिनं थांबून त्यांच्याकडं पाहिलं, ते गप्प झाल्यावर पुढचं वाक्य बोलली. भगवानराव भिंतीवरच्या नेत्यांच्या तसबिरी मोजत असल्यासारखे वर बघत होते. दिनकररावांचा हात पेरूच्या बशीवर तसाच राहिला.

बाईंनी पेटी उघडायला सांगितली. व्यंकटराव म्हणाले, किल्ली घरी राहिली. बाई म्हणाल्या, आम्ही थांबतो. आणि खरंच खुर्ची ओढून बसल्या. अर्ध्या तासानं किल्ली आली. पेटीत अकरा कागद निघाले. पोरांच्या वसतिगृहाच्या टाकीत मेलेलं पाखरू सापडल्याचा एक, सहा महिन्यांपूर्वीचा. ग्रंथालयातल्या कारकुनाचा एक, टायफॉइडमध्ये रजा न दिल्याबद्दल. तीन कागद तीन वेगळ्या अक्षरांत, व्यंकटरावांबद्दल. ती अक्षरं भागम्मानं ओळखली आणि तिला पहिल्यांदा स्वतःचा राग आला. या पोरी रोज तिच्या पलंगावर बसून गेल्या होत्या, आणि तिला कळलं नव्हतं.

पाहुणे भगवानरावांकडं जेवायला गेले नाहीत. भगवानराव त्या दिवशी शंभर माणसांचं जेवण बघत एकटे बसले, असं गावात पुष्कळ दिवस चवीनं बोललं गेलं.

आता हे सगळं झाल्यावर व्यंकटरावांचं काय व्हावं? चौकशी नेमली गेली, तिची एकच बैठक झाली, आणि जूनमध्ये ते संस्थेच्या दुसऱ्या गावच्या शाळेत मुख्याध्यापक झाले. बढतीचा सत्कारही झाला. दिनकररावांनी भाषणात त्यांच्या चारित्र्याचा तीनदा उल्लेख केला. पार्वतीच्या जर्नलवर मात्र दुसऱ्या प्राध्यापकांनी सही केली, परीक्षेला परीक्षक बाहेरचा आला, आणि पुढच्या वर्षी ती दुसऱ्या श्रेणीत बी.एस्सी. झाली. नंतर मानवतकडल्या एका शाळेत शिक्षिका म्हणून लागली.

भागम्माचं नाव समितीतून काढलं आणि तिला मोडक्या बाकांच्या गोदामावर बसवलं. लेडीज रूममध्ये भगवानरावांच्या नात्यातली एक बाई आणली. ती खोलीला कुलूप लावून दुपारची झोपायची. पोरी गोदामात जायला लागल्या. धुळीत, मोडक्या बाकांवर तेवीसच्या तेवीस जणी डबा खायच्या. कारकून, शिपाई यांच्यातलेही काही जण काही ना काही सांगायला यायचे. त्यात जे आधी तोंड फिरवून जात तेही होते. भागम्मा त्यांचं ऐकून घ्यायची, पण त्यांना बसायला सांगायची नाही. दीड वर्षानं पुन्हा तपासणी लागली, तेव्हा दिनकररावांनी तिला परत जिन्याखाली आणलं. तिनं का म्हणून विचारलं नाही, आणि आभारही मानले नाहीत.

चौऱ्याण्णव साली ती निवृत्त झाली. शाल-श्रीफळाचा कार्यक्रम ठेवला होता, तिनं पोटात दुखतंय असा निरोप पाठवला आणि त्याच वेळी पोरींबरोबर चालत एसटी स्टँडवर गेली, हे सगळ्या बेलथडीनं बघितलं.

पुढच्या उन्हाळ्यात ती पालमहून गंगाखेडला चालली होती. बेलथडीला व्यंकटराव एसटीत चढले. केस पिकलेले, सफारी इस्त्रीची. भागम्माच्या शेजारची जागा रिकामी बघून बसले आणि पुढच्या बाकड्यावरच्या ओळखीच्या माणसाला म्हणाले, "या आमच्या कॉलेजातल्या भागम्मा. लय मायाळू बाई."

भागम्मा उठली आणि दांडीला धरून उभी राहिली. तो माणूस म्हणाला, "बसा की मावशी, जागा हाय."

"हाय जागा," भागम्मा म्हणाली. "पण ह्यांच्या शेजारी न्हाई बसत मी. का ते सांगते." आणि तिनं सांगायला सुरुवात केली, भांडारापासून. पुढचे दोन बाक वळून ऐकायला लागले. कंडक्टरनं तिकीट फाडायचं थांबवलं. व्यंकटरावांनी घंटीची दोरी ओढली आणि गंगाखेडच्या चार मैल अलीकडं, जिथं थांबा नव्हता, तिथं ते उन्हात उतरले. भागम्मा गंगाखेड येईपर्यंत उभीच राहिली. तिची गोष्ट अजून संपली नव्हती.