दोन वाड्यांच्या मधला शेजारी

दरोडेखोरांनी मारून अर्धमेला केलेल्या माणसाला सगळ्यांत जास्त त्रास मुंग्यांचा होतो. ही माहिती बायबलमध्ये नाही. मी स्वतः पाणंदीत पालथा पडून ती मिळवलेली आहे.

माझी बायको फिलू आमच्या चर्चमध्ये दर रविवारी मिस्सेच्या प्रार्थनेनंतर मुलांचा वर्ग घेते. बायबलमधल्या गोष्टी सांगायच्या आणि त्यातून प्रेम, क्षमा, सेवा वगैरे मुलांच्या अंगी बाणवायचं. (माझ्या अंगी बाणवायचा प्रयत्न तिने लग्नानंतर लवकरच सोडून दिला.) वर्गात दोन वाड्यांची पोरं येतात, वयलीवाडी आणि खालचीवाडी. नाताळात दोन्ही वाड्यांनी आपापले येशूजन्माचे गोठे उभारले. त्यात खालच्यांच्या गोठ्यावरचा तारा रातोरात नाहीसा झाला आणि सकाळी वयल्यांच्या गोठ्यावर चमकू लागला! ताऱ्याच्या मागोमाग आलेल्या पूर्वेकडच्या मागी राजांचीसुद्धा पंचाईत झाली असती. तेव्हापासून पोरं एका बाकावर बसेनात. क्षमेचा धडा चालू असताना मागे चिमटे, पुढे गुद्दे.

आमचे फादर वसईकडचे, शांत माणूस. पण त्यांचाही धीर सुटला. "टीचर, येत्या रविवारी पुन्हा मारामारी झाली, तर हा वर्ग बंद. मुलं मालवणला जातील," त्यांनी सांगून टाकलं.

फिलू त्या दिवशी जेवली नाही. हा वर्ग म्हणजे तिचा जीव. शेवटी ती म्हणाली, "फादर, मी त्यांका चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितलंय. वाटेत जखमी पडलेल्याक परको माणूस कसो मदत करता आणि खरो शेजारी ठरता ती. पोरांका ती कळली हा. मी तुमका दाखवतंय." फादर म्हणाले, "दाखवा." आता दाखवायचं तर जखमी माणूस हवा. फिलूने माझ्याकडे पाहिलं.

"माका काय करूचा लागतला?" मी विचारलं.

"काय नाय. नुसतो पडान ऱ्हव. तुका ता बरा जमता."

रविवारी मिस्सा संपली, पोरं चहा-न्याहारीला घरी पांगली आणि फिलूने मला दोन वाड्यांमधल्या पाणंदीत आडवा केला. माझा चांगला शर्ट फाडला. (जुना का नाही, तर म्हणे दरोडेखोर जुन्या शर्टवाल्याला लुटत नाहीत!) रक्त म्हणून कोकम ओतलं. ते बिनसाखरेचं आंबट आगळ असतं तर निभावलं असतं. पण घाईत बाईसाहेबांनी साखर घातलेल्या सरबताची बाटली उचलली होती! मग ती आणि फादर चिऱ्यांच्या गडग्याआड लपले.

"फिलू, मुंगळे!" मी कुजबुजलो.

"जखमी माणूस बोलत नाय!" गडग्याने उत्तर दिलं.

पहिली आली ती पर्यटकांची गाडी. काच खाली झाली. "काका, तारकर्लीला असंच सरळ ना?" मी अर्धमेला, रक्तबंबाळ! पण पाहुण्याला वाट दाखवायची नाही म्हणजे काय? पडल्या पडल्या हात वर करून डावीकडे दाखवलं. "थँक यू हं काका, आराम करा," म्हणून ते निघून गेले. गडग्याआड फादर खोकले.

मग वयलीवाडीची टोळी आली. पुढे लीना. ही दहा-बारा वर्षांची चिमुरडी मोठेपणी कलेक्टर तरी होणार, नाहीतर सासू.

"अगो बाय माझे! इनास अंकलवर दरोडो पडलो!"

एवढ्यात दुसऱ्या बाजूने खालचीवाडी आली. त्यांचा म्होरक्या पीटू ओरडला, "हात लावू नकात! हो आमका गावलो!"

"आमका पयलो गावलो!"

"पाय खंय आसत बघ! पाय आमच्या वाडीत आसत!"

"डोक्या आमच्याकडे आसा! माणूस डोक्यान वळखतत!"

दोन वाड्यांची हद्द म्हणजे पाणंदीच्या कडेचा एक माडाचा बुंधा, आणि फिलूने मला त्याच्या एका बाजूला ठेवायचं सोडून नेमका त्याच्यासमोर, अर्धा इकडे अर्धा तिकडे ठेवला होता. वयल्यांनी माझे खांदे धरले, खालच्यांनी पाय. ओढाओढ सुरू झाली. परोपकारासाठी इतकी चुरस मी निवडणुकीतही पाहिलेली नाही.

लीनाला गोष्ट पाठ होती. "थांबा! पयला जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतूचो!" पोरं दोन्ही बाजूंना पळाली. तेल वयलीवाडीने आणलं, चांगलं खोबरेलाचं बुधलंच. माझं डोकं, पाठ, कान, सगळं माखून निघालं. द्राक्षारस मात्र गावात कुणाकडे असणार?

"माझ्या आजयेकडे गुडघ्याक लावूची बाटली आसा!" पीटू घेऊन आला.

वाचकहो, ती काजूच्या बोंडांची दारू होती, पहिल्या धारेची! आणि ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ चालू होता. त्या काळात थेंबालाही शिवणार नाही असं मी चर्चच्या अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलेलं होतं. मी ओठ घट्ट मिटले. पण पीटू मनापासून सेवा करणारा मुलगा. त्याने बाटली माझ्या डोक्यावरच उपडी केली. डोळ्यांत, नाकात, मिश्यांत! (थोडी आत गेली. मी ती अडवली नाही, पण बोलावलीही नव्हती.)

"आता तेका जनावरावर घालून धर्मशाळेत नेवचा," लीनाने हुकूम सोडला. जनावर म्हणून एक बकरी आणली गेली. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दोरी सोडवून पळाली. मग नारळ वाहायची माझीच ढकलगाडी आली. वयलीवाडी म्हणाली, आम्ही उचलतो. त्यांनी दातओठ खाल्ले, मी जागचा हललो नाही. खालचीवाडी फिदीफिदी हसली आणि पुढे सरसावली. "एक, दोन, हेय्यो!" मी तरीही जागीच.

"तुमी तेल लावलात म्हणान तो निसटता!"

"तुमी तेका झिंगवलात म्हणान तो जड झालो!"

आणि "तारो चोरणारे!" असे शब्द कानावर आले. मुठी वळल्या. गडग्याआडून फादरांचा हताश आवाज आला, "संपलं, टीचर." बायकोचा वर्ग माझ्या अंगावरच बंद होणार! आता उठावं, ओरडावं, काहीतरी करावं म्हणून मी मान वर केली. पण नाकाघशात दारू गेलेली, त्यामुळे जे ओरडलो ते नुसतंच विव्हळणं झालं.

पोरं माझ्याकडे वळली. लीनाचा चेहरा पडला. "पीटू, हो खरोच मरतलो रे."

पीटूने मूठ सोडली. "तू खांद्याकडे धर. आमी पायाकडे. सगळ्यांनी मिळान!"

आणि मी उचललो गेलो! वयलीवाडीचे हात, खालचीवाडीचे हात, कुठले कुणाचे तेही कळेना. अहाहा! ढकलगाडीत मी असा काही विराजमान झालो की चर्चच्या फेस्ताच्या मिरवणुकीत मूर्ती तरी तशी जाते का! धर्मशाळा म्हणून चर्चकडे दोन्ही वाड्या एका दमात ढकलत होत्या. गडग्याआडून फिलू धावत आली. रडत होती आणि हसतही होती. फादर तर चक्क टाळ्या वाजवत होते.

फक्त वाटेत माझं घर लागलं. ओट्यावर माझी आई बसली होती. उपवासकाळातल्या रविवारी, भर सकाळी, फाटका शर्ट, दारूचा घमघमाट आणि गाडीतून येणारा एकुलता एक मुलगा! तिने झाडू उचलला.

"ईस्टरापर्यंत तरी दम धरूचो होतो रे मेल्या!"

खुलासा करायला मी तोंड उघडलं, तर तोंडातूनही तोच वास. पण आईचा झाडू माझ्यापर्यंत पोचलाच नाही. दोन्ही वाड्यांची पोरं मध्ये उभी राहिली. "आजये, मारू नको! हो आमचो आसा!" आमचो! दोन्ही वाड्यांच्या तोंडून हा शब्द एकदम निघालेला गावाने पहिल्यांदाच ऐकला.

वर्ग बंद करायची भाषा फादरांनी तिथेच मागे घेतली. त्या दिवशी पोरं एकाच बाकावर दाटीवाटीने बसली. फादरांनी मोठ्या कौतुकाने विचारलं, "मग मुलांनो, सांगा पाहू, शेजारी म्हणजे कोण?"

पीटूने हात वर केला. "फादर, जो एका वाडीक उचलाक जमना नाय, तो!"

फिलूने ते उत्तर बरोबर धरलं. पण माझं वजन काढलेलं माझ्या मनाला जरा लागलं. दुपारी जेवताना दुसऱ्या वाढीचा भात मी हाताने अडवला, तर तिने माझा हात बाजूला सारून डाव रिकामा केला.

"जेव रे गपचूप. माका हो वर्ग अजून चालवूचो आसा."