‘मग सांगते’ची खूण

माझ्या धाकट्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. आंजी गावातल्या आमच्या घरी ज्या खुणा चालतात त्या आम्हीच पाडलेल्या आहेत. कपाळाला बोट लावलं की आई, मिशीवरून बोट फिरवलं की बाबा, आणि दोन्ही गाल फुगवले की मी. ही शेवटची खूण तिने लहानपणी काढली आणि माझे गाल बसले तरी ती बदलायला तयार नाही. वांग्याला खूण आहे, बाजाराला आहे, शेजारच्या भांडखोर काकूला तर दोन आहेत. सगळ्यात जास्त झिजलेली खूण म्हणजे ‘मग सांगते’. उजवा हात खांद्यावरून मागे उडवायचा, काही फेकून दिल्यासारखा. जेवताना सगळे हसले की ती विचारायची, काय झालं? ज्याच्या तोंडात घास नसेल तो हात मागे उडवायचा.

पुढे मूकबधिर मुलींच्या होस्टेलात राहून ती खरी सांकेतिक भाषा शिकली. मला नसत्या चौकशांची भारी हौस, म्हणून तिच्यामागे लागून मीही बरीचशी उचलली. पण त्या मुलींच्या आपसातल्या काही खुणा तिने मला कधीच सांगितल्या नाहीत. मैत्रिणी घरी आल्या की हात भराभर चालायचे, आणि मी चहा घेऊन गेले की सगळ्यांचे हात मांडीवर. फार राग यायचा मला.

यंदा तिचं लग्न ठरलं. मुलगा हिंगणघाटचा, छापखान्यात कामाला, त्यालाही ऐकू येत नाही. साखरपुड्यापासून दोघं सारखे व्हिडिओ कॉलवर. आईला मात्र घोर लागला, हिला कोणी काही सांगितलंय की नाही. शाळेत प्रजननाचा धडा बाईंनी पान उलटून पुढे ढकलला होता. मग आईने स्वतःच मनावर घेतलं.

आमच्या वाडीत कोहळ्याचे वेल आहेत. सकाळी नर फूल तोडून मादी फुलावर टेकवायचं काम बहिणीचं, कारण तिच्या हाताने फळ चांगलं धरतं असं बाबा म्हणतात. मी माहेरी गेले होते तेव्हा आईने तिला वेलापाशी नेलं. एक फूल तोडलं, दुसऱ्यावर टेकवलं, आणि लाजत लाजत तिच्या बोटातल्या साखरपुड्याच्या अंगठीकडे बोट दाखवलं. बहिणीने मान डोलावली. अंगठी काढली, ओढणीच्या टोकाला नीट बांधली आणि उरलेली फुलं झपाझप उरकून टाकली. अंगठी घालून काम करू नको, एवढंच तिला कळलं होतं. मी बांधावर बसून पोट धरून हसले.

“तू काऊन हसून राह्यली?” आई चिडली. “मले शिकवू दे तिले.”

शेवटी मीच तिला आईचा हेतू सांगितला. तीही हसली. मग एकदम गंभीर झाली. हातांचा पाळणा केला, बोट हलवून ‘इतक्यात नको’ म्हणाली, आणि आईकडे बघत तळवे वर केले. तिचा कॉम्प्युटरचा कोर्स अर्धा राहिलाय. मूल लगेच नको असेल तर करायचं काय, हे तिला लग्नाआधी हवं होतं. आईने हात खांद्यावरून मागे उडवला आणि मला म्हणाली, “तूच ने तिले डॉक्टरीणबाईकडे. मले नाई जमत हे.”

मी सिंदी मेघेला राहते, तिथून दवाखाना जवळच. डॉक्टरबाई चांगल्या होत्या, पण सगळं माझ्याशी बोलल्या. गोळ्या, तांबी, निरोध, कोणत्या आजाराची काय लक्षणं. माझ्याकडे वांग्याची खूण होती, यातल्या कशाचीच नव्हती. मी ‘गोळी’ केलं, ‘रोज’ केलं आणि अडले. बाई इतका वेळ बोलल्या आणि तू एवढंच सांगतेस, असं बहिणीने तोंडावर विचारलं. डॉक्टरबाईंना मात्र तिने एकही प्रश्न केला नाही. परतताना ऑटोत मी म्हटलं, काही विचारलं का नाहीस? तिने माझ्याकडे बघून गाल फुगवले.

म्हणजे अडचण मी होते. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त कुतूहल वाटलं. माझ्यासमोर विचारता येत नाही असं हिला काय विचारायचंय?

तिच्या होस्टेलच्या मैत्रिणीनेच मग मार्ग काढला. बोरगाव मेघेला एका सभागृहात एक बाई रविवारी मुलींना भेटत होत्या. बाईंना स्वतःला ऐकू येत नाही. हा विषय खुणांनी समजावण्याचं त्यांनी शिक्षण घेतलंय. आम्ही गेलो. तुम्ही कोण, त्यांनी मला हातांनी विचारलं. बहीण, मी मोठ्या ऐटीत सांगितलं. त्यांनी हसून बाहेरचं बाक दाखवलं.

दाराला काच होती. ऐकणाऱ्यांचं बरं असतं, दार लावलं की झालं. इथे काचेतून सगळं बोलणं दिसत होतं. टेबलावर शरीराचे नमुने, चित्रं, निरोधचं पाकीट. आणखी एका मुलीशेजारी बहीण पुढे सरकून बसलेली. तिने पाळणा केला, ‘नंतर’ केलं. बाईंनी सावकाश, एकेक करून दाखवलं. मग बहिणीच्या हातात त्या होस्टेलच्या खुणा आल्या, आणि बाईंना त्या कळत होत्या. मी मान आणखी लांब केली. बहिणीने वळून पाहिलं, उठली आणि पडदा ओढला.

“काय चालून राह्यलं आत?” बाकावर बसलेल्या त्या दुसऱ्या मुलीच्या आईने विचारलं.

“मले काय माहीत? पडदा लागला.”

“आपल्याले सोडून बोलून राह्यल्या पोरी,” ती म्हणाली. तिलाही ते आवडलं की लागलं, मला कळलं नाही.

बहीण बाहेर आली तेव्हा चेहरा मोकळा होता. ऑटोत बसतोय तोच आईचा फोन. “समजलं का तिले? काय इचारलं तिनं?”

“थांब, इचारते.”

मी विचारलं. तिने हातांचा पाळणा केला आणि छातीला बोट लावलं. मी ठरवीन तेव्हा. बरं, आणि बाकीचं? एवढा वेळ अजून काय बोलत होतीस? तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग उजवा हात उचलून खांद्यावरून मागे उडवला.

आई फोनवर वाट बघत होती.

“मग सांगते म्हणते,” मी म्हटलं.