विहिरीतलं काळं लाकूड

माझी मुंबई एका विहिरीत अडकली होती. गोष्ट एकोणीसशे तिसाच्या सुमाराची. हे मुंबईच्या गोदीत नोकरीला, बिऱ्हाडासाठी चाळीत खोलीही घेऊन ठेवलेली. आणि मी रत्नागिरीबाहेर, खाडीच्या अंगाला, सासरी. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण त्यांतले नवराबायको म्हणून काढलेले दिवस बोटांवर मोजावेत. सासूबाईंचे गुडघे धरलेले. जुनी विहीर घाटीच्या पायथ्याशी. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन दिवसातून कितीदा ती घाटी चढायची याची मी मोजदाद सोडून दिली होती. घरामागच्या परड्यात विहीर खणून पाणी लागलं की सून पाठवतो, असं मामंजींनी मुलाला कळवलं होतं. मामंजी जन्मभर गलबतावर तांडेल. त्यांचा शब्द कधी फिरला नव्हता, पण हा शब्द जांभ्याखालून खणून काढायचा होता.

जांभा फुटता फुटता दोन महिने गेले. मी येता-जाता काठावरून वाकून बघे आणि गड्यांना विचारून विचारून नकोसं करी. जांभ्याखाली शेडी लागली, म्हणजे लोण्यासारखी मऊ, पांढरट माती. सगळे म्हणाले, आता पाणी जवळ आलं. मी ट्रंक काढून पुसूनसुद्धा ठेवली. आणि दुसऱ्याच दिवशी गड्यांनी वर काळा चिखल पाठवला, त्यात लाकूड. चांगलं मांडीएवढं जाड, काळं कुळकुळीत, साल ओळखू येईल असं. त्याच्या भेगेत पिवळा खडा होता. गड्याने तो निखाऱ्यावर टाकला, तर राळेचा वास सुटला.

त्या वासासरशी मामंजी मटकन खाली बसले. राळ आणि तेल कालवून गलबतांच्या फटी बुजवण्यात त्यांचा जन्म गेलेला. माझे थोरले दीर सात वर्षांपूर्वी मचव्यासकट खाडीच्या तोंडाशी बुडाले होते. माणूस हाती लागला नाही, फळीही नाही. मामंजींनी काठावर नारळ ठेवला आणि खणणं बंद केलं. खाली गलबत आहे, म्हणाले, बुडाल्या माणसांवर पहार घालायची नाही.

माझं डोकं फिरलं. तीस-पस्तीस हात कातळाखाली गलबत कुठून येणार? पण ज्याचा मुलगा समुद्राने नेला, त्याच्यापुढे सुनेने तोंड कसं उघडायचं? मी हंडा उचलला. घाटीवर मला रडू येई, तेव्हा डोळे पुसायला हातही मोकळा नसे.

महिनाभराने शेजारच्या घरी त्यांचे एक पाहुणे सुटीला आले. ते मुंबईत कॉलेजात दगडांचं शास्त्र शिकवत. त्यांना मुद्दाम बोलावून आणायला लावलं ते मीच, हे घरात कुणालाच कळलं नाही. त्यांनी लाकूड हातात घेतलं, नखाने खरवडलं, हुंगलं, आणि ओटीवर बसून सांगायला लागले. मी दाराआड उभी होते. म्हणाले, हे गलबत नव्हे, रान आहे. झाडं दलदलीत पडली, वर गाळ बसला, वारा लागला नाही म्हणून कुजली नाहीत. गाळावर गाळ चढून ती आणखी खोल गेली असती, तर पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने त्यांचा दगडी कोळसा झाला असता. समुद्राच्या गाळात बारीक जीव असेच गाडले जातात. बेताची ऊब मिळाली की त्यांचं खनिज तेल होतं, जास्त झाली तर नुसता वायू. ते तेल दगडाच्या छिद्रांतून वर चढू बघतं, पण घट्ट थर आडवा आला की तिथेच कोंडून राहतं. इथे काळ भरपूर गेला, ऊब मात्र कमी पडली.

"म्हणजे अढीतल्या आंब्यासारखं," सासूबाई म्हणाल्या. "ऊब नाय तर पिकणार कसा?"

मास्तर हसून म्हणाले, अगदी तसंच. मला मात्र हसू आलं नाही. तीन वर्षं मीही त्या अढीतच होते, आणि अढी उघडून बघायला कुणाला सवड नव्हती.

मामंजींनी सगळं ऐकून एकच विचारलं. "मग ह्यात माणूस नाय?"

"नाही. माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधीचं आहे हे."

मामंजी दोन दिवस विहिरीच्या काठावर जाऊन बसत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः नारळ उचलला आणि गड्यांना खाली उतरवलं. काळ्या थराखाली आठवड्याच्या आत पाणी लागलं.

नव्या विहिरीचं पहिलं पाणी घरच्या कर्त्याने चाखायचं आणि गोड की मचूळ ते चारचौघांत सांगायचं, अशी आमच्याकडे रीत. मी हळदकुंकू वाहिलं, पोहरा ओढला, तांब्या भरला. भरतानाच नासक्या अंड्याचा वास नाकात शिरला. त्या लाकडाने पाणी नासवलं होतं. मामंजींनी तांब्या तोंडाला लावला, माझ्याकडे बघितलं, आणि एका दमात सगळं पाणी पिऊन टाकलं. सासूबाईंनी हात पुढे केला तेव्हा त्यांनी तांब्या उपडा करून दाखवला.

"गोड हाय," ते म्हणाले. "सुनेची पाठवणी करा."

आठ दिवसांत मी बोटीत बसले. पाया पडताना खरं बोलावंसं वाटत होतं, पण बोलले असते तर राहावं लागलं असतं.

पावसाळा उलटल्यावर गावाकडची एक बाई मुंबईत आली. तिने हसत हसत सांगितलं की ते पाणी आंब्याची कलमंसुद्धा घेत नाहीत. म्हातारा तांडेल रोज सकाळी खांद्यावर कळशी घेऊन घाटी चढतो, वाटेत तीनदा बसतो, आणि बायका त्याची थट्टा करतात. मी तेव्हा चाळीच्या नळावर उभी होते. परत जायला हवं, हे मला कळत होतं. मी गेले नाही.